बरणीतल्या गोळ्या

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीला नाही, रोज सकाळी ज्यांच्यासोबत फिरायला जातो त्या मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. याला धैर्य म्हणत नाहीत — एवढं मला कळतं.

सुरुवात कुठून करू? माझ्यापासून करतो. तो विषय मला नेहमीच आवडत आला आहे.

मी नागपुरात ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. निवृत्त झालो, बायको त्याआधीच गेली होती, आणि हुडकेश्वरच्या घरात पुस्तकं आणि मी असे दोघं उरलो. रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला एक खोड लागते. बाटलीवर जे लिहिलंय ते आत असेलच, यावर त्याचा विश्वास बसत नाही. ही खोड प्रयोगशाळेत फार उपयोगाची. बाहेर तिचा उपयोग लोकांना गप्प करायला होतो, आणि तो मी भरपूर केला.

आमच्या भागात त्या वर्षांत डोळ्यांच्या पावडरींची आणि गोळ्यांची लाट आली होती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ अचानक आरोग्य सल्लागार झाले. हॉल घेऊन कार्यक्रम करायचे. आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग एखाद्या काकू उठून सांगणार की तीन डबे संपले आणि चष्मा सुटला. काकू खाली उतरताना पायरी चुकायच्या, पण ते टाळ्यांत निघून जायचं. मी मागच्या रांगेत बसून प्रश्न विचारायचो — चष्म्याचा नंबर हा डोळ्याच्या आकाराचा प्रश्न असतो, तो पावडरीनं कसा बदलतो? हळूहळू लोक मलाच बोलवायला लागले. ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं भाषण ठरलेलंच झालं: डोळे, आहार आणि आपला भोळेपणा. मी सांगायचो, लाल भोपळा खा, शेवग्याची पानं खा, चिवळीची भाजी खा, अंडं चालत असेल तर अंडं खा, तंबाखू सोडा, साखर तपासा, आणि डब्यांवरचे पैसे नातवंडांवर उधळा. माझ्यासाठीही शाल यायची. मी ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचो, म्हणजे मला शालीचं काही नाही हे सगळ्यांना नीट दिसावं.

त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. आजही खरं आहे. सुदृढ डोळ्याला डब्यातून फारसं काही मिळत नाही. माझी एकाच जागी चूक होती, आणि नेमकी त्याच जागी माझी बहीण उभी होती.

सुमनताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. खाप्याला प्राथमिक शाळेत शिकवायची, तिथंच लग्न झालं, तिथंच राहिली. भावजी गेले, मूलबाळ नाही. पण घर कधी रिकामं नसायचं, कारण गावातल्या लग्नपत्रिका तिच्याकडे तपासायला यायच्या. आमच्याकडची पत्रिका तुम्ही पाहिली असेल. वधूवरांची नावं शोधावी लागतात, एवढी बाकीच्यांची असतात — विनीत, निमंत्रक, स्वागतोत्सुक, समस्त आप्तपरिवार, आणि खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पाळण्यातली पोरं. कोणाचं नाव कोणाच्या खाली गेलं यावरून दोन घरांत दहा वर्षं अबोला राहू शकतो. छापखान्यातून कच्चा कागद आला की लोक सरळ ताईकडे यायचे. ती पेन घेऊन बसायची आणि सांगायची, 'हा मोठा आहे, याले वर घ्या. अन् हे आजोबा मागच्या दिवाळीत गेले न गा, यांच्यापुढे कै. कुठंय?' अर्ध्या गावाची वंशावळ तिच्या डोक्यात आणि उरलेल्या गावाची तिच्या वहीत. फुकट करायची. चहासुद्धा तीच पाजायची.

एका खेपेला मी गेलो तर म्हणाली, 'विनू, शब्दाचा मधला तुकडा दिसत नाही मले. कडा दिसतात, मधात धुकं.' मी मोतीबिंदू म्हणालो. मला तेव्हा सगळ्याचं उत्तर ठाऊक असायचं.

नागपूरला, रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या, आणि निघाल्या माझ्याच विद्यार्थिनी — पहिल्या बाकावर बसून प्रत्येक समीकरण दोनदा तपासणारी मुलगी. मला पाहून उभ्या राहिल्या. सर म्हणाल्या. दवाखान्यातल्या बाकीच्या रुग्णांनी ते पाहिलं याचा मला आनंद झाला, हेही लिहून टाकतो.

डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, त्याचा मधला भाग झिजत चालला होता. वयानं होणारा आजार. दोन्ही डोळ्यांत होता, पण अजून मधल्या टप्प्यावर. डॉक्टरांनी ताईला विचारलं, तंबाखू, विडी, काही? ताई माझ्याकडे वळून म्हणाली, 'खर्रा खाते का म्हणून विचारून राहिल्या रे मास्तरीणबाईले.' डॉक्टर हसल्या, आणि मग त्यांनी नीट समजावलं. पालेभाज्या रोज खायच्याच. पण या टप्प्यावर जेवढी मात्रा लागते तेवढी जेवणातून मिळत नाही, म्हणून या ठरावीक कॅप्सूल — त्यात ल्युटिन, जस्त, दोन जीवनसत्त्वं — सकाळ-संध्याकाळ एकेक. गेलेली नजर यानं परत येत नाही. उतार मंदावतो, तोही सगळ्यांचा नाही, काहींचा. तपासून पाहिलेलं आहे हे, सर, पावडरीसारखं नाही. एक चौकटींचा कागद दिला. रोज एक डोळा झाकून त्याच्याकडे पाहायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी यायचं.

किती प्रामाणिक बोलल्या त्या. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, वा — काहीच घडलं नाही तर औषधाचं यश, आणि घडलं तर तुम्ही त्या 'काहीं'मधले नव्हता. असं औषध मलाही विकता येईल. मी हे मनात म्हणालो नाही, परतीच्या वाटेवर ताईला म्हणालो. ती फक्त म्हणाली, 'शिकलेली पोरगी आहे, विचार करूनच देत असेल.'

औषध नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. खाप्याला ते मिळत नव्हतं, आणि मी महिन्यातून एकदा जायचोच. पहिल्याच डबीचं झाकण तिच्या बोटांनी उघडेना — दाबून फिरवायचं झाकण होतं — म्हणून मीच कॅप्सूल चटणीच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओतल्या. पुढं ती पद्धतच झाली. डबी माझ्याकडे, बरणी तिच्याकडे. मी जायचो, भरायचो, तिच्या हातचं वांग्याचं भरीत खायचो, यायचो. या बरणीत काय आहे हे आता जगात एका माणसाच्या शब्दावर होतं. लक्षात येतंय ना, मी कुठं चाललो आहे ते?

चार-पाच महिन्यांनी एकदा रामदासपेठेतल्या दुकानात त्या कॅप्सूल संपल्या होत्या. दोन दिवसांनी या म्हणाले. मला दुसऱ्याच दिवशी खाप्याला जायचं होतं, आणि पुन्हा एवढ्या लांब यायचा कंटाळा आला. इतकं साधं होतं ते. घराजवळच्या दुकानातून साध्या ताकदीच्या गोळ्या घेतल्या, त्याच तपकिरी रंगाच्या, जवळपास त्याच आकाराच्या. एका महिन्यानं काय होतंय — आणि तसंही त्या कॅप्सूलनी काय होत होतं? बरणी भरली. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं, पुढच्या वेळी आण. पण मग दुकानात जाऊन यायचा कंटाळा केला हे कबूल करावं लागलं असतं.

पुढच्या महिन्यात गेलो तर ताई खुशीत. 'या खेपेच्या गोळ्या गुणकारी दिसतात गा. जरा साफ दिसून राहिलं.'

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला आनंद झाला. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रयोग पहिल्या फटक्यात बरोबर यावा तसा आनंद. साध्या गोळीनं साफ दिसतंय — म्हणजे सगळा मनाचा खेळ, माझं म्हणणं सिद्ध. त्या महिन्यात दुकानात खऱ्या कॅप्सूल आल्या होत्या. मी घेतल्या नाहीत.

पुढं जवळजवळ दोन वर्षं मी त्या घेतल्या नाहीत.

पैसे वाचवायला केलं असं समजू नका. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. ती मला पैसे द्यायला निघाली तेव्हा मी घेतले नाहीत, आणि त्याचाही मला मोठेपणा वाटला. द्वेषानं केलं असंही नाही. मला वाचायला तिनं शिकवलं होतं, पाटीवर माझा हात धरून. मी केलं ते मी बरोबर आहे एवढ्यासाठी. दर महिन्याला बरणी भरताना मला आतून एक शांत, शहाणं समाधान व्हायचं. त्या औषधाबद्दल मी तोवर काही वाचलं तरी होतं का? नाही. माझ्या कपाटात दोन हजार पुस्तकं आहेत. या एका गोष्टीवर मी एक ओळ वाचली नव्हती. वाचायची गरज काय, माझ्याकडे पुरावा होता.

आणि मग ते भाषण. इथं मला जरा थांबावंसं वाटतंय, पण थांबत नाही.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मी ती गोष्ट सांगितली. नाव न घेता. माझ्या ओळखीच्या एक बाई, म्हणालो, महागड्या डोळ्यांच्या गोळ्या घ्यायच्या. एका खट्याळ नातेवाइकानं त्या बदलून साध्या गोळ्या ठेवल्या. तर बाई म्हणतात, या खेपेच्या गोळ्या गुणकारी. ताईचं वाक्य मी तिच्या आवाजात म्हणून दाखवलं. हॉल हसला. लोकांनी एकमेकांच्या मांडीवर हात मारले. मी हसलो नाही — चांगला वक्ता आपल्या विनोदावर हसत नाही, हे मला माहीत आहे. खट्याळ हा शब्द मी स्वतःसाठी निवडला होता. घरून ठरवून आणला होता.

त्यानंतर काही आठवड्यांतच ताईचा सकाळी फोन आला. 'विनू, दाराची चौकट वाकडी दिसून राहिली. उजव्या डोळ्यानं. कागदावरच्या रेघाही.'

तिनं त्याच दिवशी सांगितलं, मी त्याच दिवशी नेलं. तेवढं आम्ही नियमानं केलं. पडद्याखाली रक्त उतरलं होतं. इंजेक्शनं झाली — डोळ्यात, हो, डोळ्यातच देतात — पण त्या डोळ्याच्या मध्यभागी जो काळा ठिपका बसला तो बसला. कडेनं दिसायचं. समोर पाहिलं की समोरचा माणूस जायचा.

त्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी फाइल उघडली आणि विचारलं, गोळ्या नियमित चालू होत्या ना? ताई माझ्याआधी बोलली. 'एक दिवस नाही चुकल्या, बाई. विचारा याले.'

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या बाकावरून पाहायच्या तसंच, पेन उघडून, लिहून घ्यायच्या तयारीत.

मी म्हणालो, हो.

एवढंच. एक अक्षर. गोळ्या बदलल्या ती मूर्खपणाची गोष्ट होती, गर्वाची होती, पण त्या दिवसापर्यंत ती दुरुस्त होण्यासारखी होती. त्या 'हो'नंतर ती दुसरीच गोष्ट झाली. मी का म्हणालो? समोर माझी विद्यार्थिनी होती म्हणून. बाजूला ताई होती म्हणून. तीन सेकंद होते आणि तीनही सेकंद मी माझ्याचबद्दल विचार करत होतो. डॉक्टरांनी लिहिलं. टेबलाच्या अलीकडून मला ते उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं: गोळ्या घेऊनही आजार वाढला.

त्या म्हणाल्या, डावा डोळा अजून राखायचा आहे. गोळ्या चालूच ठेवा, आता तर जास्तच महत्त्वाच्या.

ऑटोत बसल्यावर ताई म्हणाली, 'दोन वर्षं खाल्ल्या न. तरी डोळा गेला. आता आणखी कायले खाऊ?'

मी म्हणालो, 'डॉक्टर सांगून राहिल्या तर घे न.'

'तुले वाटते का उपयोग होते? खरं सांग.'

पाहा, तिनं खरं विचारलं होतं. खरं सांग म्हणाली होती. वर्दळ होती, सिग्नल लागला होता, कुणी ऐकत नव्हतं. 'काय माहीत,' मी म्हणालो.

'मग राहू दे,' ती म्हणाली. 'तूच तर म्हणत होता पहिल्यापासून. तुझं ऐकायले पाह्यजे होतं मी.'

तिच्या विचारात एकही चूक नव्हती. दोन वर्षं औषध घेतलं, आजार वाढला, म्हणजे औषध माझ्या कामाचं नाही — कोणीही असाच विचार करील. मी वर्गात असाच करायला शिकवायचो. फक्त तिच्या हातात जो पुरावा होता तो मी बिघडवून दिलेला होता.

पुढच्या महिन्यात मी रामदासपेठेत जाऊन खऱ्या कॅप्सूल घेतल्या आणि खाप्याला नेल्या. तिनं डबी हातात घेतली, झाकण चाचपलं आणि परत केली. 'वापस कर. पैसे वर आले का तुले?' मी म्हणालो, घे, माझ्यासाठी घे. तिला ते भावाचं प्रेम वाटलं. ती हसली आणि भरीत करायला उठली. एका वाक्यानं तिनं ती डबी घेतली असती. मला ते वाक्य पाठ होतं. 'ताई, त्या गोळ्या त्या नव्हत्याच.' मी भरीत खाल्लं आणि आलो.

मग मी वाचलं. तेव्हा वाचलं, सगळं. कोणाला उपयोग नाही, कोणाला होऊ शकतो, कुठल्या टप्प्यावर, किती. माझ्या बहिणीचा टप्पा तोच होता. दुसऱ्या डोळ्यासाठी तर नेमकं तिच्यासारख्यांनाच ते देतात. एका संध्याकाळी वाचून झालं आणि मी चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसलो.

दीड वर्ष डावा डोळा टिकला. त्या दीड वर्षात मी किती वेळा खाप्याला गेलो? पंधरा, वीस? प्रत्येक खेपेला बोलायचं ठरवून गेलो आणि बोललो नाही. प्रत्येक खेपेला कारण निराळं होतं आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. माझ्यासारख्या माणसाला कारणांची कधी चणचण पडत नाही.

डावा डोळा जाऊ लागला तेव्हा तिनं ते लपवलं. आम्हा भावंडांत एवढं साम्य आहे. पत्रिका तपासणं चालू ठेवलं, अर्ध्या ओळी अंदाजानं वाचून. त्यात गावातल्या एका लग्नात वराच्या जिवंत काकांपुढे कै. छापून आलं. वरच्या ओळीतल्या आजोबांचं ते, छापखान्यात एक ओळ खाली घसरलेलं. एरवी ताईनं ते झोपेतही पकडलं असतं. काका पत्रिका हातात घेऊन मांडवात आले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, 'पाहा गा, मी मेलो. जेवायले आलो आहे.' लोक हसत होते, पण काकांना हसू येत नव्हतं, आणि मुलाचे वडील घाम पुसत होते.

मी तिथं होतो, ताईला घेऊन गेलो होतो. ताई माझा हात सोडून चालत त्या काकांच्या समोर गेली — आवाजाच्या रोखानं — आणि सगळ्यांसमोर म्हणाली, 'चूक माझी आहे भाऊ. मी तपासलं होतं. माफ करा.' डोळ्यांचं एक अक्षर बोलली नाही. छापखान्याचंही नाही. काका गडबडले, 'अवं मास्तरीणबाई, जाऊ द्या न,' म्हणाले, आणि त्यांनीच तिला खुर्चीवर नेऊन बसवलं. अर्ध्या मिनिटात झालं सगळं. मी ताट हातात घेऊन उभा होतो. एका माणसाला चूक कबूल करायला अर्धं मिनिट लागतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तीही तिची नसलेली चूक. मला दीड वर्ष पुरलं नव्हतं.

त्यानंतर पत्रिका यायच्या बंद झाल्या. लोकांचं येणंच थांबलं. मग खाप्याच्या, कन्हान नदीकाठच्या त्या घरात ती दिवसभर एकटी बसायला लागली, तेव्हा मी तिला हुडकेश्वरला घेऊन आलो. मोहल्ल्यात माझं कौतुक झालं. या वयात बहिणीला सांभाळतो म्हणे. ती स्वतः सगळ्यांना सांगते, 'माझ्या भावानं दर महिन्याले गोळ्या आणून भरल्या. एक खेप नाही चुकला. माझंच नशीब.' मी शेजारी बसलेला असतो. मी काय करतो? मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

कदाचित खऱ्या गोळ्यांनीही नजर गेली असती. हे खरं आहे. डॉक्टरही हेच सांगतील. हा 'कदाचित' मी पुष्कळ वापरून पाहिला आहे, पण तो मला वापरायचा अधिकार नाही. तो तिचा होता, आणि मी तो तिला मिळू दिला नाही.

एवढ्यावर मी बहुधा गप्पच राहिलो असतो. खरंच राहिलो असतो. स्वतःबद्दल माझा आता काही गैरसमज नाही. पण मागच्या आठवड्यात समोरच्या शोभाबाई ताईकडे आल्या. सत्तरीच्या आहेत, बोलक्या. हातात डबी होती. त्यांच्याही पडद्याची झीज सुरू झाली आहे, दोन्ही डोळ्यांत, अजून दिसतंय नीट. डॉक्टरांनी त्याच कॅप्सूल दिल्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो.

'काय वं ताई, तुमी घेतल्या होत्या न ह्या? फरक पडते का?'

ताईनं डबी हातात घेतली असणार, कारण झाकण वाजलं. 'दोन वर्षं घेतल्या, एक दिवस न चुकता,' ती म्हणाली. 'पाहा न माह्याकडे. काही होत नाही त्यानं. भाजीपाला खा, देवाचं नाव घ्या.'

'मंग मी कायले गिळू,' शोभाबाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

मी चहा नेऊन दिला. बिस्किटंही दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, डॉक्टरांनी दिल्या आहेत तर घ्या त्या गोळ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं लोक भजन म्हणणाऱ्या नास्तिकाकडे पाहतात. 'सर, तुमीच म्हणून राहिले का हे? अन् ते भाषणात सांगतलं होतं ते — त्या बाईची गंमत? मी घरी येऊन सगळ्यायले सांगतली होती. पोटात दुखेपर्यंत हसले.' मग थोडं पुढं वाकून त्यांनी विचारलं, 'त्या बाई खऱ्या होत्या, का तुमी जोडून सांगतलं?'

खऱ्या होत्या, मी म्हणालो.

'मंग कशा आहेत आता?'

त्या वाट पाहत होत्या. खिडकीतून माझं घर दिसत होतं, आणि दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली ताईही. बऱ्या आहेत म्हणालो, आणि चप्पल घातली. डबी त्यांच्या टीव्हीवर होती. उघडलेलीही नव्हती.

म्हणून हे लिहिलं. आता या घरातून त्या घरात माझा खोटा पुरावा आपल्या पायांनी फिरतो आहे, आणि त्याला थांबवायला जे वाक्य लागतं ते माझ्याशिवाय कुणाकडे नाही. हे कागद मी शोभाबाईंना नेऊन देणार आहे. रामदासपेठेत फाइलमध्ये जे चुकीचं लिहिलं गेलं तेही जाऊन सांगणार आहे. पण त्याआधी ताई. तुम्ही हे वाचाल तोवर तिनं ऐकलेलं असेल.

ती बाहेर बसली आहे. कागद तिला मलाच वाचून दाखवावे लागतील, पहिल्या ओळीपासून, माझ्या आवाजात, तिच्यासमोर बसून. तिला दिसत असतं तर मी ते तिच्या हातात देऊन फिरायला निघून गेलो असतो. तेवढी सोयसुद्धा मी ठेवलेली नाही.